गोड बंद होतं, बेदाणे चालू होते

सांगलीत प्राण्यांची डॉक्टर म्हणून बसलं की एक प्रश्न रोज येतो, मॅडम कुत्र्याला गोड चालतं का. विचारणाऱ्याचं उत्तर ठरलेलंच असतं, त्याला फक्त माझा शिक्का पाहिजे असतो. गोडानं जंत होतात, गोडानं केस गळतात, गोडानं डोळे जातात, असं बरंच काय काय. जंत गोडानं होत नाहीत हो, जंताची अंडी पोटात गेल्यानं होतात, पिल्लांना तर आईच्या पोटात असतानाच होतात, हे सांगून सांगून घसा बसला पण लोक काय ऐकत नाहीत. त्या निमित्तानं पेढे आणि बिस्किटं कमी होत असतील तर होऊ देत म्हणून मी पण फार ताणत नाही.

तर मार्च महिना, बेदाण्याचा सीझन. आमच्या भागाबाहेरच्या लोकांसाठी सांगते, तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ इकडं या दिवसात जिकडं बघाल तिकडं बेदाण्याची शेड असतात, हिरव्या शेडनेटखाली एकावर एक जाळीचे रॅक आणि त्यावर पसरलेली द्राक्षं. साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. सांगलीच्या बेदाण्याला जीआय, म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून सरकारी मानांकन, पण मिळालंय. घरात साखरेचा डबा रिकामा असेल एकवेळ, पण बेदाण्याची पिशवी नाही असं घर तासगाव साइडला सापडणार नाही.

सकाळी क्लिनिक उघडतेय तोवर तासगावकडचं एक कुटुंब दारात. स्वतःची बाग, स्वतःची शेड, वर सौद्यात, म्हणजे बेदाण्याच्या लिलावात, खरेदी-विक्री पण. कुत्रं म्हणजे पामेरियन, सात किलोचं, नाव टायगर. (सात किलोच्या पामेरियनचं नाव टायगर आणि मोठ्या रॉटवायलरचं नाव सोनू, हे आमच्याकडं कायमचं आहे.) टायगर मालकाच्या कडेवर मान टाकून. आदल्या रात्रीपासून उलट्या, जेवण नाही, पाणी पिलं की बाहेर. मालक गाडीतून उतरतानाच सांगत होते, मॅडम ह्यानं द्राक्षं बुडवायचं डिपिंगचं औषध चाटलंय, गडी लोकांनी बादली उघडी ठेवली.

शंका घेण्यासारखी होती. बेदाणा करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर जातो आणि लवकर वाळतात. ते पाणी चांगलंच अल्कली असतं. ते चाटलं असतं तर तोंड लाल, जिभेला फोड, लाळ गळतीय असं काहीतरी दिसलं असतं. मी तोंड उघडून बघितलं, एकदम स्वच्छ. मग बागेतली फवारणी? त्या औषधांनी डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, अंग थरथरतं, लाळेची धार लागते, तसलं पण काही नाही. उंदराच्या औषधासारखं कुठं रक्त नाही. फक्त मलूल, पोट दाबलं की कळवळतंय, आणि मूत्राशय हाताला जवळजवळ लागतच नव्हतं. लघवी कधी केली विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. काल संध्याकाळी केली असंल बहुतेक, असं उत्तर आलं.

रक्त घेतलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालली नाही की रक्तात साठणारा कचरा, 3.8. कुत्र्याचं साधारण दीडच्या आत पाहिजे. युरिया वर, फॉस्फरस वर. किडनी. जवान कुत्रं, लसी वेळेवर, लेप्टोची (उंदराच्या लघवीतनं येणारा, किडनी बसवणारा रोग) पण दिलेली, घरातलं, आणि एका रात्रीत किडनी बसती म्हणजे काहीतरी पोटात गेलंय हे नक्की, पण काय? मी नेहमीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि सूनबाई एकदम ठामपणे म्हणाल्या, मॅडम आम्ही त्याला गोड अजिबात देत नाही, पुण्याच्या नणंदेनं सांगितल्यापासनं बिस्किटपण बंद केलंय. चॉकलेट? नाही. केक, आइस्क्रीम, सणाचं काही? नाही नाही नाही. इतकं शिस्तीचं घर बघून मला खरंतर बरं वाटलं, रोज सकाळी चहात बुडवलेला पारले-जीचा पुडा खाणारी कुत्री बघून डोळे दमलेत माझे.

मग सलाइन लावलं, कॅथेटर घातला, जी थोडीशी लघवी निघाली त्यात तपासणीची पट्टी बुडवली आणि तिच्यावरचा साखरेचा चौकोन रंग बदलून बसला. आमचा असिस्टंट खूश, मॅडम डायबेटिस! मालक पण लगेच बायकोकडं वळून, बघ मी म्हणत होतो ना कुणीतरी चोरून गोड घालतंय. सूनबाईंचा चेहरा उतरला. मी बोटाएवढ्या ग्लुकोमीटरवर रक्तातली साखर बघितली, 96. म्हणजे रक्तात साखर नॉर्मल आणि लघवीत मात्र साखर. असं कधी होतं, तर किडनीतल्या ज्या बारीक नळ्यांनी साखर परत रक्तात ओढून घ्यायची असते त्या नळ्याच मार खातात तेव्हा. चाळणीला भोक पडल्यावर पीठ आणि कोंडा दोन्ही खाली यावं तसं. गोड खाण्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण कुठल्या प्रकारचं विष हे मात्र त्यातनं दिसतं.

आणि मग मी प्रश्न फिरवला. गोड देत नाही ना, बरं, मग गोडाच्या ऐवजी काय देता?

सगळे गप्प. मागं खुर्चीवर आज्जी बसलेल्या, इतका वेळ एक शब्द नाही, पदराशी चाळा चाललेला. त्या म्हणाल्या, काय न्हाई वं, बिस्कीट बंद केल्यापासनं लई मागं मागं करतंय म्हून मूठभर बेदाणं. साखर न्हाई त्यात काय, आपल्या शेडवरचंच हायती. काल सौद्याची सँपलची पिशवी खाली राहिली हुती, त्यातलं त्यानं आपल्याआपण खाल्लं, म्या काय दिलं न्हाई जास्त.

उलटीचा फोटो आहे का विचारलं, हल्ली लोक सगळ्याचे फोटो काढतात, नातवानं काढला होता. फोनवर मोठा करून बघितला, पिवळट पाण्यात टपोरे फुगलेले बेदाणे, पाणी पिऊन पुन्हा द्राक्ष व्हायच्या बेतात.

आता हे ऐकून मालकांचा विश्वासच बसेना, आणि मी त्यांना दोष पण देत नाही. बेदाणा म्हणजे प्रसाद, बेदाणा म्हणजे अशक्त माणसाला रात्री भिजवून सकाळी द्यायचा. माणसाला काहीही होत नाही त्यानं. कुत्र्यांचं हे अमेरिकेतल्या विषबाधा केंद्राच्या डॉक्टरांनी 2001 च्या सुमाराला पहिल्यांदा लिहून मांडलं, की द्राक्षं आणि बेदाणे खाल्लेल्या कुत्र्यांची किडनी जातीय. तेव्हापासून वीसेक वर्षं कुणी म्हणे बुरशी, कुणी म्हणे कीटकनाशक, घरच्या बिनफवारणीच्या द्राक्षानं पण व्हायचं त्यामुळं ते काही जुळेना. मग 2021 मध्ये त्याच केंद्रातल्या डॉक्टरांनी टार्टारिक ॲसिडकडं बोट दाखवलं. एका कुत्र्यानं घरी मळलेला खेळायचा रंगीत गोळा खाल्ला होता, त्यात क्रीम ऑफ टार्टार, म्हणजे टार्टारिक ॲसिडचाच क्षार, असतं, आणि त्याची किडनी अगदी द्राक्षं खाल्ल्यासारखीच गेली, तिथनं ही तार लागली. द्राक्षात हे ॲसिड भरपूर, पण जात कुठली, पिकलंय किती यावर कमीजास्त होतं, म्हणून एक कुत्रं खाऊन मस्त फिरतं आणि दुसरं झोपतं. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागं तीनेक ग्रॅम बेदाण्यानं पण किडनी गेल्याच्या नोंदी आहेत. सात किलोच्या टायगरचा हिशोब तुम्हीच करा, आज्जींची एक मूठ त्याच्या वर जाते, पिशवीतलं वेगळंच.

आज्जींचा पुढचा प्रश्न मात्र एक नंबर होता. टार्टारिक ॲसिड आणखी कशात असतं म्हणून मी सहज बोलून गेले, चिंचेत, चिंच खाऊन किडनी गेलेली कुत्री पण नोंदलेली आहेत, तर त्या म्हणाल्या, अगं बाई, मग आमटीभाकरी? रोज आमटीत भाकरी कुस्करून दिलेली कुत्री अख्ख्या महाराष्ट्रात आहेत, त्या आमटीत चिंचेचा कोळ किती असतो आणि कुत्र्याच्या वाटणीला किती येतो, तेवढ्यानं लगेच कोण झोपत नाही. पण त्यात कांदा-लसूण, तिखट, मीठ हे सगळं असतंच, कांद्यानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात, त्यामुळं आमटी वगळून नुसती भाकरी दूध किंवा वरणाच्या निवळीत द्या असं मी सांगते. दूध पण पचत असेल तरच.

टायगरचं पुढं असं झालं की पहिल्या दिवशी लघवी तासाला दोन-तीन मिली. सात किलोला कमीत कमी सात तरी पाहिजे. सलाइन चालू, उलटीचं इंजेक्शन चालू, पाणी अंगात साठतंय का म्हणून सारखं वजन करायचं, छाती ऐकायची. खाऊन तास-दोन तासात आणलं असतं तर उलटी करवून निम्मा प्रश्न सुटला असता, रात्र गेल्यावर तो रस्ता बंद. डायलिसिस पाहिजे असेल तर मोठं शहर गाठायला लागणार, आणि एवढ्याशा कुत्र्याला ते पण सोपं नाही, हे मी मालकांना स्पष्ट सांगितलं. रात्री मी घरी जेवायला गेले आणि परत आले, असिस्टंट लघवीच्या पिशवीकडं बघत बसलेला. पहाटे पिशवी भरायला लागली. मी लघवी बघून इतकी खूश होते हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. पुढचे दिवस क्रिएटिनिन वर गेलं, थांबलं, मग उतरायला लागलं. घरी सोडलं तेव्हा दोनच्या खाली होतं, पूर्ण नॉर्मल नाही, पण खात होतं, भुंकत होतं, आणि असिस्टंटला चावलं पण.

तेव्हापासून मी 'गोड देता का' विचारत नाही, 'गोडाच्या जागी काय देता' विचारते, आणि त्यातनं फार गमतीजमती बाहेर येतात. एका रिटायर्ड सरांनी स्वतःच्या डायबेटिसपायी आणलेलं परदेशी शुगर-फ्री च्युइंगम लॅब्राडोरच्या पिल्लाला दिलं, साखर नाही म्हणून बिनधास्त. पिल्लू तासाभरात झोकांड्या खात आलं, रक्तातली साखर 32. त्यात झायलिटॉल असतं, साखरेऐवजी घालतात तो गोडवा, माणसाला त्यानं काही होत नाही, कुत्र्याच्या शरीराला मात्र ती खरी साखर वाटते आणि भसाभस इन्सुलिन सुटतं, जास्त गेलं तर लिव्हर पण जातं. पाकिटावर नाव नसेल तर 967 नंबर बघायचा. शिरेतनं ग्लुकोज दिल्यावर पिल्लू उठून बसलं, सर मात्र घाम पुसत बसलेले. म्हणजे बघा, साध्या साखरेचा पेढा खाल्ला असता तर एवढं झालं नसतं. पेढा द्या असं मी म्हणत नाहीये हां, तुपाच्या मिठाईनं स्वादुपिंड सुजून आलेली कुत्री मी दर दिवाळीत बघते, आणि ढेरी सुटलेली तर बारा महिने. पण रोजचं एखादं बिस्किट हळूहळू बिघडवतं, हे बाकीचे प्रकार तासात बिघडवतात. चॉकलेट यातलंच, डार्क असेल तर अजून वाईट. काही द्यायचंच असेल तर गाजर, उकडलेलं रताळं, बी काढलेलं सफरचंद.

टायगरचे मालक बिल द्यायला आले तेव्हा पण पूर्ण पटलेलं नव्हतं. आमच्या शेडवरची गावठी कुत्री रॅकखाली सांडलेलं कायम खातात मॅडम, त्यांना का होत नाही? मी म्हणलं, तीन कुत्री आहेत म्हणता ना, आणा, फुकट रक्त तपासून देते, आणि मागच्या काही वर्षात शेडवरची किती कुत्री आपोआप मेली तेवढं आठवून बघा. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, गेल्या सीझनला दोन गेली, आम्हाला वाटलं फुरसं चावलं.

आज्जी मागनं म्हणाल्या, आता शेडला खालनं पण जाळी लावा. मालकांनी बिलाकडं एकदा बघितलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, एवढ्यात चांगला पिवळा माल तीन बॉक्स आला असता. जाळी स्वस्त पडंल.