खो मिळण्याआधी

(माजी विद्यार्थिनी, दहावी मार्च 1996)

शाळेच्या स्मरणिकेसाठी फोन आला तेव्हा बाई म्हणाल्या, "तू खो-खोच्या आठवणी लिही." त्याच लिहितेय, पण ढाली आणि चषकांच्या नाहीत.

सातवीत मी शाळेच्या संघात होते. आठ जणी ओळीत बसायच्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. पाठीवर हात पडून "खो" ऐकू आल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम मला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. तरी मी उठायचे. पळणारी मुलगी समोरून गेली की पाय जमीन सोडायचे आणि शिट्टी वाजायची. सोलापूरच्या पार्क मैदानावरच्या एका सामन्यात माझ्यामुळे तीनदा शिट्टी वाजली. आम्ही हरलो. परतताना चार पुतळ्याच्या चौकापर्यंत माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. मग कप्तान म्हणाली, "तू मुद्दाम करतेस." हरण्यापेक्षा मला तेच जास्त लागलं.

पंचवीस वर्षांनी पुण्यात माझ्या मुलाला एडीएचडी असल्याचं निदान झालं. अवधान टिकत नाही, शरीर आणि जीभ विचाराच्या आधी धावतात, अशी ही मेंदूच्या घडणीतली स्थिती. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोण असं होतं का?" ही स्थिती मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असते, म्हणून हा प्रश्न विचारतात. मी उत्तर द्यायच्या आधीच रडायला लागले. त्यांनी अमेरिकेतल्या 2007 सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. मेंदूचं बाहेरचं आवरण इतर मुलांमध्ये सरासरी साडेसातव्या वर्षी ज्या टप्प्यावर पोचतं, तिथे या मुलांमध्ये साडेदहाव्या वर्षी पोचतं. पोचतं, पण उशिरा. आणि स्वतःला आवरण्याचं काम करणाऱ्या पुढच्या भागात हा उशीर सगळ्यांत जास्त दिसला. म्हणजे नियम माहीत असतो. तो नेमक्या क्षणी हाताशी येत नाही. इतकी वर्षं मला कुणाला हेच सांगायचं होतं आणि शब्द नव्हते.

खो-खो तरी मैदानावरचा होता. आठवीत तेच बोलण्यात झालं.

कडुनिंबाखाली आम्ही पाच जणी डबा खायचो. तोवर मैत्री म्हणजे खेळ असायची. लंगडी घालता आली, लगोरी लावता आली की झालं. तेराव्या वर्षी ती बदलते हे मला कळलंच नाही. आता बसून बोलायचं होतं, दुसरीचं ऐकून घ्यायचं होतं, काही गोष्टी पोटात ठेवायच्या होत्या. त्या वर्षी आमच्यातल्या एकीच्या वडिलांचा मिलमधला पगार थांबला. सोलापुरात तेव्हा कितीतरी घरांत तेच चाललं होतं, भोंगे एकेक करून गप्प होत होते. तिनं ते फक्त आम्हा चौघींना सांगितलं. आठवडाभरात सहलीचे पैसे गोळा करताना सरांनी तिला विचारलं, "तुझे का नाहीत?" ती खाली मान घालून उभी होती. आणि माझ्या तोंडून साठ मुलींसमोर निघून गेलं, "सर, तिच्या बाबांचा पगार होत नाहीये ना, म्हणून!" मला तिला वाचवायचं होतं. वाक्य संपायच्या आत मला कळलं होतं की मी काय केलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला अजून दिसतात.

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली माझ्यासाठी जागा नव्हती. चौघी नुसत्या जवळजवळ सरकून बसल्या होत्या. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

पुढे वर्गात एक शिक्का बसला, हिला काही सांगू नका. मुलाच्या निमित्तानं मी जे वाचलं त्यात हे शिक्क्याचं प्रकरण मला सगळ्यांत क्रूर वाटतं. अशा मुलांना अनोळखी मुलांच्या गटात सोडलं तर पहिल्याच दिवशी इतर मुलं त्यांना बाजूला सारायला लागतात, हे अभ्यासांत दिसलंय. आणि औषधानं, उपचारानं मुलाचं वागणं सुधारलं तरी वर्गाचं मत तितक्या लवकर सुधारत नाही. मूल बदललेलं असतं, पण वर्ग जुन्याच मुलाशी वागत असतो. माझ्या मुलाला सोसायटीतल्या क्रिकेटच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं तेव्हा त्याची औषधं सुरू होऊन सहा महिने झाले होते. बॅटिंगसाठी तो आता थांबायला शिकला होता. ते बघायला तिथे कुणी नव्हतं.

मुलींचं तर लवकर ओळखूच येत नाही. वर्गात धुडगूस घालणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खिडकीबाहेर बघणारी, मैत्रिणीचं बोलणं अर्ध्यात तोडणारी, तिचा वाढदिवस विसरणारी मुलगी "वेंधळी" नाहीतर "आगाऊ" ठरते. एडीएचडी हे नाव वैद्यकीय पुस्तकांत 1987 साली आलं, मी दुसरीत होते तेव्हा. आपल्या स्टाफरूमपर्यंत ते पोचलं नव्हतं, याबद्दल माझ्या मनात कुणावर राग नाही.

आता माझ्या एका मैत्रिणीबद्दल. नाव छापलेलं तिला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. नववीत माझ्या शेजारी कुणी बसेना, तेव्हा बाईंनी तिला बसवलं. ती शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, वर्गात जेमतेम बोलणारी. तिची आई विड्या वळायची. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी जायचे. माझ्या हाताला काम असलं की मी नीट ऐकते, हे तिनं कसं ओळखलं कोण जाणे. तिनं मला दोरा दिला आणि वळलेल्या विड्यांचे पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायला बसवलं. तंबाखूच्या वासानं सुरुवातीला डोळे चुरचुरायचे. पोरींनी ते काम करावं असं मी आज म्हणणार नाही. पण त्या ओट्यावर आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

आणि वर्गात तिनं एक युक्ती काढली. मी मध्येच बोलायला निघाले की ती बाकाखाली माझं मनगट दाबायची, "थांब की गं." समोरच्याचं बोलणं संपलं की पाठीवर दोन बोटं टेकवून हळूच म्हणायची, "खो." कितीदा तरी मनगट दाबूनही माझं तोंड उघडायचंच. त्यावर ती रुसली नाही. पुन्हा दाबायची.

एक चांगली मैत्रीण असली तर अशा मुलाला बाकीच्या वर्गाचा नकार बराच सोसता येतो, असं तज्ज्ञ म्हणतात. मला ते वाचायची गरज नव्हती. मला एकच मिळाली, तेवढ्यावर मी दहावी झाले. म्हणून आज शिकवणाऱ्या सर-बाईंना माझी हात जोडून विनंती आहे, "आपापल्या जोड्या करा, आपापले गट पाडा" असं वर्गाला सांगू नका. शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं. जोड्या तुम्ही लावा. विचार करून एखादं शांत, मायाळू मूल त्याच्या शेजारी बसवा आणि महिन्या-महिन्याला जागा बदलू नका. त्याला मैदान आखायचं, फळा पुसायचं, वह्या वाटायचं काम द्या, म्हणजे वर्गाला ते उपयोगी पडताना दिसेल. खो-खोच्या बाईंनी माझ्यासाठी हेच केलं. त्या सामन्यानंतर संघातून न काढता त्यांनी मला पळतीवर घेतलं. तिथे कुणाच्या खोची वाट बघायची नसते.

या जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला मुलाला घेऊन सोलापूरला आले होते. होम मैदानावर तो तीनदा हरवला, तीनदा सापडला. दुपारी त्याच मैत्रिणीच्या घरी जेवायला गेलो. ती नवऱ्याला काहीतरी सांगत होती आणि माझा मुलगा जत्रेतल्या पाळण्याबद्दल मध्ये मध्ये बोलत होता. तिनं बोलता बोलता त्याच्या मनगटावर हात ठेवला, आपलं वाक्य पुरं केलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "हं, आता तू सांग."

मी तिला विचारलं, "आपल्या बाकाखालचा खो आठवतो का गं?"

तिला आठवत नव्हतं. "काय की," म्हणाली, आणि कडक भाकरी मोडून त्याच्या ताटात शेंगाचटणी वाढायला लागली. तो तिला पाळण्यातून तलाव कसा दिसतो ते सांगत होता.