आधी पाय, मग हात

१४ वर्षांखालील मुलींना हँडबॉल शिकवताना मी सुरुवातीची दोन वर्षे एक चूक केली. शालेय स्पर्धा तोंडावर आल्या की सहाही मुलींना गोलसमोरच्या ६ मीटरच्या रेषेवर ओळीने उभे करायचे, हात वर करायला सांगायचे आणि त्यालाच बचाव म्हणायचे. या वयात लांबून जोरकस फेक करणाऱ्या मुली फारशा नसल्यामुळे ही ६-० रचना सामने जिंकूनही देते. पुढच्या वयोगटात मात्र समोरच्या बॅक खेळाडू, म्हणजे लांबून फेक करणाऱ्या मुली, ९ मीटरच्या तुटक रेषेवरून उंच उडी घेऊन गोल करू लागल्या आणि आमच्या मुली रेषेवरच थांबून राहिल्या, कारण पुढे पाऊल टाकायला मी त्यांना शिकवलेच नव्हते.

आता पहिले वर्षभर आम्ही फक्त ‘मॅन टू मॅन’ खेळतो, म्हणजे प्रत्येकीने समोरच्या एकेका मुलीला अडवायचे. जर्मनीत लहान वयोगटांसाठी असा पुढे येऊन करायचा बचाव नियमानेच बंधनकारक आहे आणि मला तो नियम मनापासून पटतो. गुडघे वाकवून, पाय एकमेकांत न अडकवता आखूड पावलांनी सरकणे आणि समोरच्या मुलीच्या फेकीच्या हातासमोर वेळेत पोहोचणे, एवढे जमले की बचावाचे निम्मे काम झालेले असते.

उरलेले निम्मे अधिक अवघड आहे. ‘धक्का लागू देऊ नकोस’ हे घरीदारी ऐकत वाढलेली मुलगी पहिल्या टकरीला माघार घेते आणि वर ‘सॉरी’ही म्हणते. वाकवलेल्या हातांनी प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणे हँडबॉलच्या नियमात बसते, हे तिला मी केवळ सांगत नाही, तर जोडीदाराबरोबर रोज दहा मिनिटे करून घेते: एक हात फेकीच्या खांद्याशी, दुसरा विरुद्ध बाजूच्या कमरेशी, छाती समोर. बाजूने किंवा मागून ओढणे आणि हवेत असलेल्या खेळाडूला ढकलणे मात्र मी सरावातही खपवून घेत नाही. त्याची शिक्षा दोन मिनिटे बाहेर किंवा थेट लाल कार्ड असते. समोरच्या मुलीचा गुडघा त्याहून मोलाचा आहे.

गुडघ्यांची काळजी मला सतत असते. नॉर्वेत १५ ते १७ वयाच्या हँडबॉलपटूंवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तोल, उडीनंतरचे उतरणे आणि दिशाबदल यांचा सराव वॉर्मअपमध्ये नियमित केल्याने गुडघ्याच्या व घोट्याच्या दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्याचे दिसले. त्यामुळे वेळ कितीही कमी असला तरी आमचा वॉर्मअप कापला जात नाही.

गेल्या आठवड्यात संघातली सर्वांत लहान मुलगी रेषा सोडून ८ मीटरपर्यंत पुढे गेली, तिच्याहून वीतभर उंच शूटरला तिने समोरून अडवले, शिट्टी वाजली आणि समोरच्या संघाला गोलऐवजी फक्त फ्री थ्रो मिळाला. तिने ‘सॉरी’ म्हटले नाही. ती वळली आणि धावत आपल्या जागी परतली.