तुम्ही विचारलंत म्हणून: ६१७४च का?

कापरेकर स्थिरांक, म्हणजे ६१७४ ही संख्या, वर्गात घेतला की कुणीतरी विचारतंच, "सर, सगळं ६१७४लाच का येऊन थांबतं?" पालकही विचारतात.

आधी कृती. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच. १९०५ घेऊ, हा स्थिरांक ज्यांच्या नावाचा त्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांचं जन्मसाल. ९५१० − ०१५९ = ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. सातपेक्षा जास्त वजाबाक्या कुठल्याच संख्येला लागत नाहीत. आणि ७६४१ − १४६७ पुन्हा ६१७४च.

देवळालीतल्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांनी हे १९४९ साली मांडलं. १९७५ मध्ये गणितावर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि परदेशात नाव पोचलं. अशा गणिताला 'निव्वळ करमणूक' म्हणून बाजूला सारणारे असतात. मला ते अजिबात पटत नाही, कारण 'का?' विचारलं की इथे खरं गणित सुरू होतं.

सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकांतला फरक ९९९ने गुणा, क्रमाने लावल्यावर मधे येणाऱ्या दोन अंकांतला फरक ९०ने गुणा आणि बेरीज करा. वजाबाकीचं उत्तर नेमकं तेवढंच येतं. म्हणजे मूळ अंक कोणते होते याला महत्त्वच नाही, हे दोन फरक तेवढे उरतात. पहिला फरक १ ते ९, आणि दुसरा पहिल्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या फक्त ५४. सुरुवातीला शून्य असलेल्या धरून एकूण ९,९९० संख्या, आणि पहिल्याच वजाबाकीत त्या ५४ उत्तरांत गोळा होतात!

अजून एक गंमत. मधला फरक शून्य नसेल तर उत्तराच्या पहिल्या आणि शेवटच्या अंकांची बेरीज नेहमी १०, मधल्या दोघांची ८. ६१७४ मध्ये पाहा: ६ + ४, १ + ७.

उत्तरं मोजकीच असल्यामुळे कधीतरी जुनं उत्तर परत येणारच, हे अटळ आहे. पण सगळ्यांनी एकाच ठिकाणी थांबावं, हे अटळ नाही. दोन अंकी संख्या ९, ८१, ६३, २७, ४५ अशा फिरत राहतात. तीन अंकी ४९५वर थांबतात. पाच अंकींना मात्र थांबायला जागाच नाही, त्यांची तीन वेगवेगळी चक्रं आहेत. त्यातलं एक तर दोनच संख्यांचं: ५३९५५ वरून ५९९९४, आणि तिथून परत ५३९५५.

तेव्हा माझं उत्तर असं: निम्मं कारण बीजगणितात आहे. उरलेलं निम्मं, चार अंक आणि आपली दशमान पद्धत हे दोन्ही एकत्र आल्यावर जे जुळून येतं, त्यात. त्याची खात्री ती ५४ उत्तरं तपासूनच होते. ती फुलस्केपच्या दोन पानांत मावतात. मुलांना मी कॅल्क्युलेटर न घेता ती पेन्सिलीने करायला सांगतो, आणि कुठल्या उत्तरावरून कुठे गेलो ते बाण काढून दाखवायला.