काय उकळतेयस?

बुधवार, रात्री उशिरा

फोन स्पीकरवर टाकून ढोबळी मिरची, मशरूम, गाजर परतत होते. म्हणजे परततेय असं मला वाटत होतं. ताई बोलता बोलता मध्येच थांबली आणि म्हणाली, "काय गं, काय उकळतेयस?"

एवढंच. मग ती पुन्हा पडद्यांच्या मापांवर गेली. मी हं हं करत वोकमध्ये बघत राहिले. मशरूम स्वतःच्याच पाण्यात डुंबत होते, गाजरं कडेला मऊ पडली होती आणि मधोमध रटरट चाललेली. तिला इतक्या लांबून नुसत्या आवाजावरून कळलं. मी उलथनं घेऊन समोर उभी, आणि मला पत्ता नाही.

इलेक्ट्रिक वोक घेतल्यापासून जो विचारेल त्याला सांगतेय, हल्ली रोज स्टर-फ्राय करते, दहा मिनिटांत होतं, मजेत आहे. इतके दिवस मी रोज भाजी वाफवत होते तर. वर सॉस ओतला की सगळं तपकिरी दिसतं, त्यामुळे डोळे फसतात. जिभेला कळायला हवं होतं. पण एकटीने फोन बघत जेवताना जीभ कुठे काय बोलते.

गॅस त्या घरात राहिला. असो.

करपलं असतं तर इतकं लागलं नसतं. करपण्यात निदान आच तरी असते. उकळतेयस म्हणे.

झोप येईना म्हणून वोकच्या बुडाखालचं लेबल वाचलं. १५०० वॅट, म्हणजे सेकंदाला १५०० ज्यूल. १०० अंशांवर आलेल्या १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० ज्यूल लागतात. भाजीने १०० ग्रॅम पाणी सोडलं तर, सगळी उष्णता त्या पाण्यालाच मिळतेय असं धरूनही, अडीच मिनिटं नुसती वाफ करण्यात जाणार. पाणी आहे तोवर भाजी १०० अंशांच्या फारशी वर जात नाही, आणि खरपूस रंग धरायला १४० च्या आसपास जावं लागतं. मशरूममध्ये तर नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. ते मी धुऊन, निथळायची वाट न बघता, सगळे एकदम टाकायचे. वर लगेच मीठ, म्हणजे उरलंसुरलं पाणीही बाहेर. शाबास.

कँटोनीजमध्ये त्या धुरकट, खमंग चवीला 'वोक हे' म्हणतात, वोकचा श्वास. त्याला खालून भडकलेला जाळ लागतो आणि उडवलेली भाजी त्या धगीतून खाली यावी लागते. माझ्या वोकच्या पोटात एक गोल तार आहे. बूड तापतं, कडा कोमट. भाजी उडवली तर फक्त गार होऊन परत येते. तेव्हा तो श्वास माझ्या नशिबी नाही, हे आज लिहून टाकते. पण चर्र असा आवाज? तोही नाही?

गुरुवार

मशरूम न धुता ओल्या फडक्याने पुसले. गाजर पातळ चिरलं, मिरची धुऊन खडखडीत कोरडी केली. वोकची तार तापत असली की लागणारा छोटा दिवा विझून पुन्हा लागेपर्यंत थांबले. विझलेला असताना भाजी टाकली की वोक आधी गार पडतो आणि मग जागा होतो, हे काल रात्री अंथरुणात सुचलं. (बाकी जे सुचलं ते इथे लिहीत नाही.) एकच मूठ मशरूम टाकले, मीठ नाही, आणि उलथनं खाली ठेवलं. हात शिवशिवत होते. सारखं ढवळत राहायची मला सवयच आहे, ज्याची त्याची.

चर्र झालं. मोठं नाही, पण झालं. एका बाजूने तांबूस रंग आला. ते ताटलीत काढून पुन्हा दिव्याची वाट बघितली. मग गाजर. पुन्हा वाट. मग मिरची. शेवटी सगळं एकत्र, कडेने चमचाभर सॉस, वीस सेकंद. दहा मिनिटांचं जेवण पस्तीस मिनिटांवर गेलं आणि पहिले मशरूम तोवर गारढोण. चव मात्र होती. पहिल्यांदा गाजराला गाजराची आणि मशरूमला मशरूमची.

मिरची वोकमध्ये असताना ताईचा फोन आला होता, घेतला नाही. मिरचीचे दोन तुकडे तेवढ्यातही करपले, ते आधी खाल्ले. नंतर तिचा मेसेज: "झालं का उकळून?"

अजून उत्तर दिलेलं नाही. वोक घासायचाय आधी.