नऊशेला विकला, साडेसहा हजारांना घेतला

२०११ मध्ये मी माझा पेंटॅक्स के१००० हा फिल्मचा कॅमेरा पुण्याच्या जुन्या बाजारात नऊशे रुपयांना फुंकला. लग्नाचे फोटोग्राफर एव्हाना डिजिटलवर गेले होते आणि त्यांचे कॅमेरे बुधवारी-रविवारी चादरीवर ढिगाने पडलेले असायचे. पुढच्याच जानेवारीत फिल्म बनवणाऱ्या कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हटलं, वेळेत सुटलो.

दोन वर्षांपूर्वी पुन्हा खाज सुटली. ऑनलाइन बघतो तर तोच के१००० दहा-बारा हजारांना! हे मॉडेल १९७६ ते १९९७ निघत होतं, म्हणजे सगळ्यात तरुण नगानेही पंचविशी ओलांडलेली. नवे येत नाहीत, बिघडलेले दुसऱ्यांना सुटे भाग देऊन संपतात. त्यात कॉलेजच्या पोरांना आता फिल्मचाच रंग हवा असतो. भाव चढणारच.

पहिला सौदा फसला. 'एकदम मिंट', म्हणजे नव्यासारखा, असं वाचून साडेआठ हजार आगाऊ पाठवले. कॅमेरा आल्यावर लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारला, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. "फोटोत दिसत नाही हो ती," एवढं बोलून विकणाऱ्याने पुढे फोनच उचलला नाही.

दुसरा मात्र हाताळून घेतला. साताऱ्यात एका काकांचा स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झालेली, कॅमेरा शोकेसमध्येच होता. मागचं झाकण उघडलं तर कडेचा फोम डांबरासारखा बोटांना चिकटला. त्याचं काही नाही, या वयाच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा फोम असाच विरघळतो; फक्त तो बदलल्याशिवाय रोल घालायचा नाही, नाहीतर उजेड शिरून फोटोवर लाल पट्टे येतात. मग शटर. एक सेकंदावर ठेवून खटका दाबला. पडदा उघडला तो मिटेचना. आतलं वंगण सुकलं की आधी मंद वेगच अडकतात. एकसाठांश सेकंदापासून वरचे वेग मात्र कानाला ठणठणीत वाटले. कापडी पडदा उजेडाकडे धरून भोकं शोधली, एकही नाही.

उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा मेलेला. या कॅमेऱ्याला बंद करायचं बटणच नाही. लेन्सला टोपी लावली तरच मीटर झोपतं, आणि इथे टोपी कधीच हरवलेली. तळाचं झाकण फिरवलं तर सेल गळून हिरवा झालेला. काकूंनी आतून व्हिनेगर आणि कापूस आणून दिला. पुसून नवा एलआर४४ बसवला, खिडकीकडे धरला. काटा उचलला!

"किती देऊ, काका?"

"तुम्हीच सांगा. मुलगा म्हणतो नेटवर बारा चाललेत."

अडकलेलं शटर दाखवत मी साडेचारपासून सुरुवात केली, चहा संपेपर्यंत साडेसहाला आलो. फ्लॅश त्यांनी असाच दिला.

शटर मी दुरुस्त केलेलं नाही. एक सेकंदाची गरज मला वर्षातून दोनदा पडत असेल, आणि पुण्यात मला भेटलेल्या एकमेव कारागिराने तीन हजार सांगितले. फोम तेवढा घरीच बदलला.

पहिला कलर रोल साडेनऊशेचा, धुऊन स्कॅन करायचे पाचशे. छत्तीस फोटोंवर वाटले तर एका खटक्याला चाळीस रुपये. हा हिशेब मी आईला फोकस जुळवता जुळवता सांगितला. केस सारखे करून खुर्चीत बसलेली आई उठलीच.

"मग माझा मोबाइलवरच काढ."