पिठ्ठू, पाय आणि सोलापूरचं ऊन

सैन्यभरतीच्या १६०० मीटर धावण्याची तयारी करणारी पोरं पहाटे शहरातल्या कुठल्याही मैदानावर दिसतात. साडेपाच मिनिटांत चार राउंड, म्हणजे राउंडला ८२ सेकंद, हा हिशोब त्यांना पाठ असतो. पण भरती झाल्यावर ज्याला पॅरासाठी (छत्रीधारी तुकडीसाठी) नाव द्यायचंय किंवा ज्याच्या डोळ्यांपुढे बेळगावचा कमांडो कोर्स आहे, त्याला हा हिशोब पुरत नाही. तिथं पाठीवर वजनानं भरलेला पिठ्ठू (पाठपिशवी) असतो, झोप अपुरी असते आणि दम शाबूत असूनही पाय दगा देतात.

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांचे तळवे बघा. पंचेचाळीसेक किलोमीटर, पाठीवर काही नाही, तरी बिनसरावाच्या माणसाला फोड येतातच. ओलसर कातडी घासली गेली की फोड येतो. म्हणून आत पातळ, वर जाड असे दोन मोजे घाला आणि नखं दोन दिवस आधी कापा. टाचेला चुरचुरलं की तिथंच थांबून कापडी चिकटपट्टी लावा. ‘मुक्कामाला गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्याचा पुढचा आठवडा वाया जातो.

पिठ्ठूचं वजन स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापासून सुरू करा. ६० किलोच्या पोराला ६ किलो. दर दोन आठवड्यांनी २ किलो वाढवा, म्हणजे तेराव्या आठवड्यात १८ किलो होतात. ज्या आठवड्यात वजन वाढवाल त्यात अंतर वाढवू नका. सुरुवात ५ किलोमीटरने, आठवड्यातून एकदाच. महिन्यानंतर दोनदा, मध्ये तीन दिवस सोडून. किलोमीटरला दहा मिनिटं ही चाल पुष्कळ झाली. डांबरी रस्त्यावर वजन घेऊन पळायचं नाही, नडगी तिथंच जाते.

पिठ्ठूत विटा भरू नका, कोपरे टोचतात. कोरडी वाळू जाड पिशवीत बांधा. तळाशी घडी घातलेली जुनी चादर (ती आपल्याकडे घरोघरी असतेच) आणि त्यावर वाळू, म्हणजे भार खांद्याच्या फऱ्यांजवळ राहतो. वाळू कमरेशी घसरली की माणूस पुढं वाकून चालतो आणि कंबर धरते. थोडं वजन पाण्याच्या बाटल्यांचं ठेवा. गुडघा कुरकुरला तर पाणी ओतून ओझं जागेवर कमी करता येतं.

सोलापूर सपाट, त्यामुळे चढासाठी तुळजापूरचा घाट बरा. चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात उतरताना. तिथं पावलं आखूड टाका. पावसाळ्यात काळ्या रानात जाऊ नका. चिखलाचे गोळे बुटाला चिकटून पोटऱ्या भरून येतात.

नडगी दुखली तर बोटानं चाचपून बघा. वीतभर पट्टा दुखत असेल तर आठवडाभर भार बंद. एकाच ठिकाणी, बोट ठेवलं की कळ येत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. अशा वेळी डॉक्टरच गाठा, तेल चोळत बसू नका.

तालमीतल्या जोर-बैठका चांगल्याच, पण पन्नासावरून एकदम पाचशेवर उडी नको. स्नायू फुटून लघवी काळ्या चहासारखी झाली तर मूत्रपिंडावर बेतू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, तेव्हा पहाटे पाचला निघून सातच्या आत परत या. निघताना आणि आल्यावर स्वतःचं वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं. ते मीठ-साखर-लिंबू घालून घोटाघोटानं भरून काढा. एकट्यानं जाऊ नका. सोबतचा असंबद्ध बोलायला लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला तर पिठ्ठू उतरवा, सावलीत झोपवा, अंगावर सतत पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गाडीची वाट बघतानाही पाणी ओतणं थांबवू नका.