उदबत्त्या पुरल्या नाहीत

पैसे वाचवायला हानोईहून दिएन बिएन फूला, व्हिएतनामींनी फ्रेंचांना हरवलं त्या गावी, रात्रीच्या स्लीपर बसने गेलो. बर्थ माझ्या मापाचा नव्हता, सकाळी उतरलो तेव्हा पाय कुणा दुसऱ्याचेच वाटत होते. विमान जातं तिथे. जमलं तर तेच घ्या.

तिथल्या लढाईच्या संग्रहालयात जिकडेतिकडे व्हिएतनामी सेनापती जनरल ज्याप. हा एकेकाळचा इतिहासाचा मास्तर. जानेवारी 1954 मध्ये हल्ल्याची सगळी तयारी झालेली असताना त्याने ऐन वेळी हल्ला पुढे ढकलला आणि माणसांनी दोर लावून डोंगरात ओढत नेलेल्या तोफा परत मागे घ्यायला लावल्या. लढाई 13 मार्चला सुरू झाली आणि 56 व्या दिवशी, 7 मे रोजी, फ्रेंच छावणी पडली. निर्णय बरोबर होता, यावर तिथे कुणाचंच दुमत नाही.

ए-वन टेकडीवर त्या लढाईत सुरुंगाने पाडलेल्या प्रचंड खड्ड्याशी सेल्फीवाल्यांची झुंबड होती. मीही काढला एक.

समोरच सैनिकांची दफनभूमी आहे. सहाशेच्या वर थडगी, त्यातल्या फक्त चौघांना नाव. त्या चौघांतला एक ‘तो विन्ह दिएन’ (‘तो’ हे आडनाव). तोफा मागे आणताना उतारावर एक तोफ सुटली, तेव्हा तो चाकाखाली आडवा झाला. हल्ल्याला अजून महिना-दीड महिना होता. संग्रहालयात ‘बरोबर निर्णय’ वाचून मान डोलावली होती, ती इथे खाली गेली.

टोपलीवजा टोपी घातलेल्या एका आजीबाईंनी न विचारताच माझ्या हातात उदबत्त्यांचा जुडगा दिला आणि पेटवूनही दिला. ज्योत विझवायला मी फुंकर मारणार, तोच त्यांनी मनगट धरलं आणि हात झटकून दाखवला. आमची आजीही फुंकू द्यायची नाही, तोंडाचं उष्टं लागतं म्हणायची. एवढ्या लांब येऊन तेच बोलणं खाल्लं, तेही व्हिएतनामी भाषेत!

मी सरळ दिएनच्या थडग्याकडे निघालो. तिथे आधीच उदबत्त्यांची दाटी, खोचायला जागा नव्हती. आजीबाईंनी बाही ओढली आणि मागच्या रांगा दाखवल्या. सगळे दगड सारखे, कोरे. एकेकाला एक लावत गेलो. तिसरी रांग अर्धी झाली आणि जुडगा संपला. वळून पाहिलं तर आजीबाई दुसरा जुडगा सोडत होत्या.